मागणीनुसार दूरसंचार काम

मागणीनुसार दूरसंचार काम : दूरसंचार जाळ्याची उभारणी, जोडणी व दुरुस्ती यांसाठी डिजिटल मंचावरून एकेका कामापुरता तंत्रज्ञ नेमण्याची पद्धत. सहभागी अर्थव्यवस्थेतील टॅक्सी-मंचांप्रमाणे येथेही मंच गरजू व कारागीर यांची गाठ घालून देतो आणि त्याबद्दल शुल्क घेतो. अमेरिकेत 2008 मध्ये सुरू झालेला फील्ड नेशन हा या प्रकारचा ठळक मंच.

कार्यपद्धती : कंपनी कामाचे ठिकाण, वेळ व दर मंचावर टाकते. जवळचा तंत्रज्ञ काम स्वीकारतो आणि पूर्ण झाल्यावर छायाचित्रे व चाचणीचे आकडे चढवतो. ते मंजूर झाले की पैसे मिळतात.

ग्रामीण स्थिती : भारतात अशी कामे मुख्यतः कंत्राटदार व उपकंत्राटदारांच्या साखळीतून जॉइंटरपर्यंत (केबल जोडणाऱ्या तंत्रज्ञापर्यंत) पोहोचतात. 2011 मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून (पुढे भारतनेट) ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम सुरू झाले आणि त्याबरोबर देखभालीची गरजही गावोगाव पोहोचली. नांदेड-नागपूर मार्गावरील हदगावसारख्या तालुक्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तर जवळ राहणारा जॉइंटर शहरातल्या पथकापेक्षा लवकर पोहोचू शकतो. जोडकाम मात्र नाजूक असते. फायबर 125 मायक्रोमीटर जाडीचा, त्याचा गाभा सुमारे 9 मायक्रोमीटरचा. आवरण सोलून, स्पिरिटने पुसून, टोक काटकोनात कापून स्प्लायसिंग यंत्रात ते वितळवून जोडतात. धुळीचा कण राहिला तरी जोड पुन्हा मारावा लागतो.

कायदा व मूल्यमापन : नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार (एकेका कामापुरते नेमले जाणारे) होते, 2029-30 पर्यंत ही संख्या 2.35 कोटी होईल, असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने गिग व मंच कामगारांना प्रथमच कायद्यात स्थान दिले. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यानुसार मंचचालकांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायची आहे. मात्र ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही.

मंचामुळे मधले दलाल कमी होऊ शकतात. पण यंत्राची किंमत, पेट्रोल आणि रिकामे दिवस यांचा भार तंत्रज्ञावरच पडतो. गावे विखुरलेली असतील तेथे येण्या-जाण्याचा खर्च धरूनच दर ठरला पाहिजे. तसे झाले नाही, तर ही पद्धत ग्रामीण तंत्रज्ञाला परवडणार नाही.