कान, अक्षर आणि कृती : सत्यशोधक व आंबेडकरी चळवळींतील संवादमाध्यमांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासाची मांडणी बहुतांशी छापील साधनांच्या आधारे झाली आहे. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. तेथपासून 'निबंधमाला', 'केसरी', 'सुधारक' असा वृत्तपत्रे व नियतकालिकांचा क्रम सांगितला जातो आणि त्या क्रमालाच प्रबोधनाचा इतिहास मानले जाते. परंतु १९०१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. शंभरातील पंचाण्णव माणसे ज्या समाजात वाचू शकत नव्हती, त्या समाजात केवळ छापील अक्षराने विचारपरिवर्तन घडले असे मानणे सयुक्तिक ठरत नाही.

हा प्रश्न सत्यशोधक आणि आंबेडकरी या दोन चळवळींच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. ज्यांना अक्षरापासून दूर ठेवण्यात आले होते, त्यांच्याशीच या चळवळींना बोलायचे होते. या चळवळींनी भाषण, लेखन, नाट्य, गायन, विधी, वेष आणि प्रत्यक्ष कृती यांची परस्परांशी सांगड कशी घातली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. या सांगडीकडे दुर्लक्ष करून केवळ छापील संहितेवरून चळवळीचे मोजमाप केल्यास ते अपुरे तर होतेच, शिवाय अन्यायकारकही ठरते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

महात्मा फुले यांचे लेखन : ऐकण्यासाठी लिहिलेली संहिता

जोतीराव फुले यांच्या लेखनाचे स्वरूप पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. त्यांच्या महत्त्वाच्या कृती निबंधाच्या रूढ घाटात बसत नाहीत. १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक आहे. त्यात कुणबी दांपत्य, जोशी आणि पाद्री यांच्याबरोबर विदूषकही आहे व तो प्रेक्षकांशी थेट बोलत राहतो. १८६९ मध्ये त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पवाडा रचला. कुणबी, माळी, महार, मांग अशा लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून लांबलचक संस्कृत शब्द टाळल्याचे त्यांनी या पवाड्याच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. १८७३ मधील 'गुलामगिरी' हा ग्रंथ धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने सिद्ध झाला.

नाटक, पवाडा आणि संवाद हे तिन्ही प्रकार उच्चारले जाणारे आहेत. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि गावाने ती ऐकावी, ही परंपरा महाराष्ट्रातील खेड्यांना परिचित होती. निरक्षर माणूस ग्रंथापासून सर्वस्वी तुटलेला नव्हता, तो ग्रंथाचा श्रोता होता. जोतीरावांनी श्रवणाच्या या जुन्या सवयीत नवा आशय घातला.

'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाचे भाग जोतीरावांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले. याउलट, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संपादकत्वाखालील 'दीनबंधु' या चळवळीच्याच वृत्तपत्राने पहिली दोन प्रकरणे छापली व पुढील भाग छापण्याचे थांबविले. छापखान्याचा दरवाजा बंद झाला तरी ग्रंथ श्रोत्यांपर्यंत पोहोचलाच होता. म्हणून मुद्रणाच्या तारखेवरून या ग्रंथाच्या प्रभावाचा आरंभ ठरविणे चुकीचे होईल.

वाचकानुसार भाषा बदलण्याचे भानही जोतीरावांना होते. 'गुलामगिरी'ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदनही इंग्रजीतच होते. सरकारशी बोलताना सरकारची भाषा आणि शेतकऱ्याशी बोलताना शेतकऱ्याची भाषा, असा हा विवेक होता.

'शुद्ध' भाषेचा प्रश्न

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'त (१८७४–१८८२) जोतीरावांच्या लेखनाचा कठोर समाचार घेतला. त्यातील एक मुख्य रोख भाषेवर, म्हणजे व्याकरण आणि शुद्धलेखन यांवर होता. विष्णुशास्त्री हे मराठी गद्याचे समर्थ शैलीकार होते, हे मान्य करूनही त्यांनी वापरलेली कसोटी तपासून पाहणे आवश्यक आहे. ती कसोटी डोळ्यांनी वाचल्या जाणाऱ्या, सुशिक्षित वाचकासाठी लिहिलेल्या गद्याची होती. जोतीरावांचे गद्य कानासाठी होते. बोलीतील शब्द, पुनरुक्ती, प्रश्नोत्तरे आणि शिवराळपणाकडे झुकणारा आवेश ही वाचनात जाणवणारी वैगुण्ये श्रवणात वक्त्याची साधने ठरतात.

या वादाचा परिणाम त्या काळापुरता मर्यादित राहिला नाही. भाषेच्या शुद्धतेच्या आधारे विचाराची योग्यता ठरविण्याची प्रवृत्ती पुढे वाङ्मयेतिहासात आणि अभ्यासक्रमांतही रुजली. जोतीरावांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर व स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले ते १९६९ मध्ये, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर सुमारे ८० वर्षांनी. 'तृतीय रत्न' तर त्यानंतरच प्रकाशात आले. साधनांच्या या दीर्घ अनुपस्थितीमागे इतर कारणांबरोबर ही कसोटीही होती, असे मानण्यास जागा आहे.

विधी आणि वेष : शब्दाबाहेरचा संवाद

२४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विवाह लावण्यास त्याच वर्षी आरंभ केला. या विवाहासाठी जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर आळीपाळीने परस्परांशी बोलतात. रूढ विवाहात मंत्र संस्कृत असत. ते म्हणणारा पुरोहित असे, आणि ज्यांचा विवाह होत असे त्यांना त्यांचा अर्थ कळत नसे. सत्यशोधक विवाहात बोलणारे बदलले व भाषाही बदलली. समानतेवर व्याख्यान न देता मांडवातील प्रत्येकास ती दिसली आणि ऐकूही आली.

१८८८ मधील प्रसंगही याच प्रकारचा आहे. व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. उंची वस्त्रे व अलंकार ल्यालेल्या निमंत्रितांत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात उपस्थित राहिले. येथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, या आशयाचे भाषण त्यांनी केले. भाषणातील विधानाचा पुरावा वक्त्याच्या अंगावरच होता. शब्द आणि वेष परस्परांस पूरक ठरले म्हणून हा प्रसंग लोकस्मृतीत टिकून राहिला.

वृत्तपत्रे : शहर ते खेडे

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. पुढे लोखंडे यांनी ते मुंबईतून चालविले. १९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' साप्ताहिक काढले व पुढे नगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून ते अनेक दशके चालविले. वृत्तपत्र हा शहराचा व्यवहार मानला जात असता त्याचा छापखाना शेतकऱ्यांच्या गावी नेणे, हाच एक अर्थपूर्ण संदेश होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या अर्थसाहाय्याने 'मूकनायक' सुरू केले. ज्यांना वाचा नाही त्यांचा नायक, हा अर्थ नावातच होता. शीर्षस्थानी संत तुकारामांचे वचन असे. पुढे 'बहिष्कृत भारत'च्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरांच्या ओव्या आल्या. अपरिचित विचार परिचित वाणीच्या सोबतीने आला म्हणजे श्रोता तो परका मानीत नाही, याची जाण या निवडीत दिसते.

महाड १९२७ : ठराव आणि ओंजळ

लेखन आणि कृती यांच्या संबंधाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाड येथे आढळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, पण तळ्याच्या काठावर त्याचा काहीही परिणाम झालेला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी परिषदेसाठी जमलेल्या लोकांनी मिरवणुकीने तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदाला अर्थ प्राप्त झाला. ठराव वाचू न शकणाऱ्या माणसालाही ओंजळीतील पाण्याचा अर्थ समजला. विरोधकांनाही तो तितकाच समजला.

याच दिवशी मौखिक माध्यमाची दुसरी बाजूही दिसून आली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि प्रतिनिधींवर हल्ले झाले. तोंडी शब्दाचा वेग प्रबोधनाच्या कामी येतो तसाच द्वेषाच्याही कामी येतो. कृतीचा विपर्यास होऊ नये म्हणून तिची बाजू अक्षरात मांडणे अपरिहार्य झाले, आणि ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे दोनच आठवड्यांनी, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. परिषदेतील भाषण, तळ्यावरील कृती आणि पाक्षिकातील युक्तिवाद हे एकाच संहितेचे तीन भाग होत. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेबांनी जातीची खूण सांगणारे लुगडे नेसण्याचे व दागिने घालण्याचे प्रकार सोडण्यास सांगितले. वेष ही भाषा आहे, हे जोतीरावांचे भान येथे सामूहिक आचरणात उतरले. तळ्यासंबंधीचा न्यायालयीन लढा मात्र १९३७ पर्यंत चालला व तो निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

जलसा : संमिश्र माध्यम

तमाशाचा घाट घेऊन सत्यशोधकांनी जलसा उभा केला. गण, बतावणी, सवाल-जवाब व वग हा क्रम प्रेक्षकांना ठाऊक होता. ढोलकी, तुणतुणे, झांज यांचा नाद ऐकून माणसे जमत. शृंगाराच्या जागी सावकारी, अंधश्रद्धा, शिक्षणाचा अभाव हे विषय आले. आंबेडकरी जलशांनी ही परंपरा पुढे नेली. त्यांत नाशिकचे भीमराव कर्डक यांचे कार्य अग्रगण्य मानले जाते. सभेतील भाषण समजण्यासाठी काही पूर्वज्ञान लागते. जलशातील बतावणीत मात्र भाबडा प्रश्न विचारणारे पात्र प्रेक्षकाचीच शंका मांडते आणि तिचे उत्तर हास्यातून मिळते. 'तृतीय रत्न'मधील विदूषक आणि 'गुलामगिरी'तील धोंडीबा यांच्याशी या पात्राचे नाते सहज ध्यानात येते.

तथापि जलशाचे सामर्थ्य हेच इतिहासाच्या दृष्टीने त्याचे दौर्बल्य ठरले. प्रसंगानुरूप बदलणारी संहिता क्वचितच लिहिली जाई, आणि चाल, अभिनय, प्रेक्षकांचा प्रतिसाद यांची नोंद होणे त्याहून दुर्मीळ होते. कर्डक यांनी आंबेडकरी जलशांचे स्वरूप व कार्य ग्रंथरूपाने नोंदविले म्हणून काही साधने हाती राहिली. अनेक शाहिरांची रचना त्यांच्याबरोबरच लुप्त झाली.

निष्कर्ष

१. सत्यशोधक व आंबेडकरी चळवळींनी लेखन, भाषण आणि कृती यांना एकमेकांचे पर्याय मानले नाही. एका माध्यमाची मर्यादा दुसऱ्याने भरून काढली.

२. परिचित घाट आणि अपरिचित आशय यांचा मेळ हे या संवादाच्या परिणामकारकतेचे प्रमुख कारण होते.

३. श्रवणासाठी लिहिलेल्या संहितेला केवळ वाचनाच्या कसोट्या लावल्यास तिच्यावर अन्याय होतो. फुले यांच्या भाषेसंबंधीचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण होय.

४. ज्या समाजाचा इतिहास छापला गेला नाही, त्याचा विचारही नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी जलशाच्या वह्या, विवाहातील पदे, मौखिक आठवणी यांना साधनांचा दर्जा देणे आवश्यक आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही यातून एक गोष्ट सूचित होते. खेड्यातून आलेला, उत्तरपत्रिकेत अडखळणारा विद्यार्थी तोंडी बोलताना अनेकदा नेमके बोलतो. त्याच्या अशुद्ध वाक्याखाली लाल रेघ ओढताना ते वाक्य काय सांगते आहे हे प्रथम ऐकून घेतले नाही, तर 'निबंधमाले'तील जुनीच कसोटी वर्गात पुन्हा लावली जाते. शुद्ध लिहिण्यास शिकविणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहेच, परंतु अशुद्ध लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे गृहीत धरणे हा इतिहासाचा धडा विसरणे होय.