एका नगरसभागृहाचा श्वासोच्छ्वास

जुन्या वास्तूचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम तिच्या खांबांकडे, शिल्पांकडे आणि तेथें झालेल्या समारंभांकडे वळते. तेथें बसणाऱ्या माणसांना हिवाळ्यांत ऊब कशी मिळाली, दाटीच्या सभेंत मोकळा श्वास कसा घेतां आला, आणि त्यासाठीं जाळलेल्या कोळशाचें मोल कोणीं दिलें, हे प्रश्न बहुधा तळघरांतच राहून जातात. वस्तुतः नगराच्या मालकीच्या वास्तूविषयीं हेच प्रश्न अगत्याचे होत; कारण तेथें जळणारें इंधन करदात्यांचें असतें, आणि काकडणारे किंवा गुदमरणारे श्रोतेही तेच असतात. आज जुन्या सार्वजनिक इमारतींचा इंधनाचा व विजेचा खर्च कमी करण्याच्या योजना ठिकठिकाणीं आंखल्या जात असतां लिव्हरपूलच्या सेंट जॉर्ज हॉलचा इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो.

लिव्हरपूल हें आपल्या वाचकांस सर्वस्वी अपरिचित नव्हे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळांत मुंबईचा कापूस ज्या बंदरांत जाऊन उतरे, तेंच हें शहर. तेथें १८३८ च्या जूनच्या २८ तारखेस, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकदिनीं, एका संगीतगृहाची कोनशिला बसविण्यांत आली. त्या वेळीं इमारतीचा नकाशाही मुक्रर झालेला नव्हता! पुढें हार्वे लॉन्सडेल एल्म्स या पंचविशीच्या आसपासच्या स्थपतीनें संगीतगृहाची स्पर्धा जिंकली आणि पाठोपाठ न्यायालयांचीही. तेव्हां दोन्ही कामें एकाच छपराखालीं आणावीं असें ठरलें. मध्यें सुमारें १६९ फूट लांबीचें भव्य दालन आणि त्याच्या दोन्ही टोकांस न्यायालयें, अशी ही रचना आहे.

या रचनेंतच इंधनाचा प्रश्न दडलेला होता. संगीतोत्सवाच्या रात्रीं दालन श्रोत्यांनीं फुलून जावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं तेंच ओस पडावयाचें. न्यायालयांत मात्र न्यायाधीश, ज्यूरी, वकील व बघे यांची दाटी. सर्व इमारत सदासर्वकाळ सारखीच तापवावयाची म्हटली तर कोळशाला अंत राहिला नसता. म्हणून इमारतीच्या आंखणींतच डॉ. डेव्हिड बॉसवेल रीड याचें साह्य घेण्यांत आलें. रीड हा एडिंबरोचा वैद्य व रसायनशास्त्राचा अध्यापक. १८३४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटचें जुनें मंदिर आगींत भस्मसात् झाल्यावर कॉमन्स सभेला जी तात्पुरती जागा मिळाली, तिच्या वायुवीजनाची व्यवस्था यानेंच लाविली होती.

रीडची लिव्हरपूलमधील योजना सांगावयास सोपी आहे. बाहेरची हवा मोठ्या मार्गांनीं तळघरांत ओढावयाची. पाण्याच्या फवाऱ्यांतून नेऊन ती धुवावयाची. हिवाळ्यांत ऊन पाण्याच्या व वाफेच्या नळांवरून फिरवावयाची. आणि मग वाफेच्या यंत्रानें चालणाऱ्या, दहा फूट व्यासाच्या चार पंख्यांनीं वर लोटावयाची. दूषित हवा छतांतून निघून उंच धुराड्यांवाटे बाहेर पडे. पण तिचें मर्म यंत्रांत नव्हतें, वाटणींत होतें. भुयारी मार्गांत शिडाच्या कापडाचे पडदे लावलेले असत, आणि तळघरांतील नोकर दोऱ्या व कप्प्या ओढून ते उघडीत किंवा मिटीत. माणसें जेथें व जितकीं, ऊब व हवा तेथें व तितकी, हें त्या व्यवस्थेचें सूत्र. कित्येक तज्ज्ञ या इमारतीस जगांतील पहिली वातानुकूलित सार्वजनिक वास्तु म्हणतात. आज हवेंतील कार्बन डायऑक्साइड मोजून जीं यंत्रें पंख्यांची गति कमीजास्त करितात, तींही याच सूत्रावर चालतात.

याच रीडला लंडनमध्यें अपयश आलें. नवें पार्लमेंटमंदिर चार्ल्स बॅरी या स्थपतीच्या हातीं होतें आणि वायुवीजन रीडच्या. दोघांचें पटेना, रीडचा अधिकार संकुचित होत गेला, आणि १८५२ सालीं नव्या दालनांतील हवेविषयीं सभासदांच्या तक्रारी झाल्यावर त्याला तें काम सोडावें लागलें. १८५५ सालीं तो अमेरिकेस गेला व १८६३ सालीं तेथेंच निवर्तला. माणूस तोच, शास्त्र तेंच. फळ मात्र निराळें. आमच्या मतें याचें मुख्य कारण एवढेंच कीं, एके ठिकाणीं वास्तु व तिची हवा यांचा विचार एकत्र झाला, दुसऱ्या ठिकाणीं त्या विचाराचे दोन भाग पडून ते एकमेकांशीं भांडत राहिले.

एल्म्सला आपलें काम पुरें झालेलें पाहावयास मिळालें नाहीं. क्षयानें जर्जर होऊन तो १८४७ सालीं जमेका बेटांत वारला. पुढील काम सी. आर. कॉकरेल प्रभृतींनीं तडीस नेलें, आणि १८५४ च्या सप्टेंबरांत वास्तु खुली झाली. हवेचे मार्ग भिंतींच्या पोटांतच बांधलेले असल्यामुळें मूळ योजना स्थपतीबरोबर नाहींशी झाली नाहीं. १८५४ नंतर १३० वर्षांनीं, १९८४ सालीं, न्यायालयें तेथून गेलीं व वास्तूस अवकळा आली. पुढें सुमारें २ कोटि ३० लक्ष पौंड खर्चून तिचा जीर्णोद्धार झाला आणि २००७ सालीं ती नागरिकांस पुनः खुली झाली.

आपल्याकडील नगरांच्या सभागृहांत प्रश्न उबेचा नसून बहुधा उकाड्याचा असतो. परंतु न्याय तोच लागूं पडतो. नवें यंत्र विकत घेण्यापूर्वीं कोणत्या दालनांत, कोणत्या वेळीं, किती माणसें बसतात याची नोंद करावी. भिंतींची जाडी, खिडक्यांच्या दिशा, झरोके व माळे यांत जुन्या बांधणाऱ्यांनीं हवेची कांहीं सोय केली होती काय, हें शोधावें. बुजलेला झरोका मोकळा करण्यास नव्या यंत्राहून पुष्कळच कमी पैसा लागतो. आणि पडदा ओढणारा जाणता माणूस नेमावा. त्याच्यावांचून उत्तम योजनाही व्यर्थ होय. सेंट जॉर्ज हॉलच्या छताकडे मान वर करून पाहणारे पुष्कळ असतील. नगराच्या तिजोरीची काळजी वाहणाऱ्यानें मात्र आधीं तळघर पाहावें.