माउस-कीबोर्डपलीकडची साधने

पाचोरा : संगणक म्हटला, की कळफलक आणि माउस हीच साधने डोळ्यांसमोर येतात. तालुक्याच्या गावांतील अनेकांनी २००२ मध्ये सुरू झालेल्या 'एमएस-सीआयटी'च्या वर्गांत याच दोन साधनांवर हात बसविला. मात्र ज्याचा हात थरथरतो, ज्याला दिसत नाही किंवा ज्याला रोमन अक्षरे अवगत नाहीत, त्याच्यासाठी तीच अडसर ठरतात. अर्ज, परीक्षा आणि बँकेचे व्यवहार ऑनलाइन झाल्यापासून अशा व्यक्तीला स्वतःचा पासवर्डही दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतो. म्हणूनच पर्यायी साधनांची माहिती असणे अगत्याचे आहे.

ट्रॅकबॉल : हा जणू उलटा ठेवलेला माउस. साधन जागेवर स्थिर राहते. वरचा गोळा तेवढा बोटांनी किंवा तळव्याने फिरवायचा. मनगट हलविणे ज्यांना कठीण जाते, त्यांना तो सोयीचा पडतो. वयाने तो माउसपेक्षा मोठा आहे. कॅनडाच्या नौदलाच्या 'डेटार' प्रकल्पात १९५० च्या दशकाच्या प्रारंभी बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरून तो तयार करण्यात आला. डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले ते ९ डिसेंबर १९६८ रोजी.

लेखणी आणि स्पर्श : आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये 'स्केचपॅड' या प्रणालीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृत्या काढून दाखविल्या. आजच्या ग्राफिक्स टॅब्लेटला लेखणीचा दाबही कळतो, त्यामुळे चित्रकाराला रेषा जाड-बारीक करता येते. स्पर्शपडद्यावर मात्र बोटाला चाचपडण्यासारखे काही नसते. त्यामुळे दृष्टिहीनांसाठी बोटाखालचे अक्षर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय फोनमध्ये द्यावी लागली.

एका कामापुरत्या कळा : २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर वापरलेले मतदान यंत्र हेही असेच उदाहरण. एका बॅलट युनिटवर सोळा कळा, शेजारी नाव व चिन्ह, शिवाय ब्रेल अंक. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही ते वापरता येते, कारण ते एकाच कामासाठी घडविलेले आहे.

देवनागरीचा प्रश्न : रोमन लिपीसाठी बनलेल्या कळफलकावर स्वर, मात्रा आणि जोडाक्षरे बसविणे हे अवघड काम. 'इन्स्क्रिप्ट' मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला येतात. ती लक्षात ठेवण्यासाठी सराव लागतो. आयआयटी मुंबईत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी वर्णमालेच्या क्रमाने कळा लावलेला 'कीलेख' तयार केला. पुढे २०१३ मध्ये तेथूनच फोनसाठी 'स्वरचक्र' आले. त्यात 'क'वर बोट ठेवताच भोवती का, कि, की असे चक्र उमटते आणि बोट हव्या त्या अक्षराकडे सरकवायचे असते. शाळेत शिकलेली बाराखडी येथे थेट उपयोगी पडते.

आवाज : गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून टंकलेखनाची सोय दिली. परंतु अशी प्रणाली ज्या बोलीच्या नमुन्यांवर शिकविली जाते, त्या बोलीतच ती नेमकी चालते. प्रमाण मराठीवर बेतलेल्या प्रणालीकडून अहिराणीच्या अचूक नोंदीची अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय पासवर्ड चारचौघांत मोठ्याने सांगता येत नाही, तो नाही.

एक कळ, एक नजर : पडद्यावर अक्षरांवरून प्रकाशचौकट आपोआप सरकत जाते आणि हवे ते अक्षर आले की एकच कळ दाबायची, या पद्धतीला 'स्कॅनिंग' म्हणतात. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग गालाची किंचित हालचाल टिपणाऱ्या, चष्म्याला बसविलेल्या संवेदकाच्या साह्याने असेच लिहीत. नजरेवर चालणारी साधने डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकून बुबुळाची दिशा ओळखतात.

महागडे साधन घेण्यापूर्वी संगणकात असलेल्या सोयी तपासाव्यात. विंडोजमध्ये 'स्टिकी कीज'मुळे दोन-तीन कळा एकाच वेळी दाबाव्या लागत नाहीत, 'माउस कीज'मुळे अंकांच्या कळांनी बाण हलविता येतो आणि पडद्यावरचा कळफलकही मिळतो. त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही. त्यानंतरही अडचण उरली, तर शरीराची कोणती हालचाल न थकता वारंवार करता येते हे आधी पाहावे आणि त्यावरून साधन निवडावे.