किशोरवयातील मद्यपान : ‘मला चढत नाही’ या वाक्याचा वैद्यकीय अर्थ

लग्नसराईत चिखली, मेहकर किंवा खामगाव तालुक्यातील एखाद्या गावात वरात निघते. डीजेपुढे नाचणाऱ्यांपैकी दोन-चार मुले मधूनच अंधारात जाऊन येतात. वय सोळा-सतरा. त्यांतील एखादा अर्धा पव्वा पोटात गेल्यावरही ताठ उभा राहतो, मोटारसायकल चालवून दाखवतो आणि मित्रांना अभिमानाने सांगतो, ‘मला चढत नाही.’ मित्रांना त्याचे कौतुक वाटते. कधी कधी एखादे काकाही ‘पोरगा पचवतो’ म्हणून हसतात. वैद्यकीयदृष्ट्या मात्र हे वाक्य कौतुकाचे नाही, काळजीचे आहे.

प्रौढ माणसाला मद्याचा अंमल वाढू लागला की गुंगी येते, पाय लटपटतात, मळमळते आणि बहुधा तो तेथेच थांबतो. वाढत्या वयात ही गुंगी व तोल जाणे उशिरा आणि कमी जाणवते. अमेरिकेतील ड्यूक आणि बिंगहॅम्टन या विद्यापीठांतील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. तेवढ्याच मद्याने वयात येणाऱ्या उंदरांना प्रौढ उंदरांइतकी झोप आली नाही; मात्र नवे शिकण्याची व लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता प्रौढांपेक्षा अधिक बिघडली. मुलांना दारू पाजून असे प्रयोग करता येत नाहीत, हे उघड आहे. तरीही किशोरांच्या वागण्यात जे आढळते, ते या निष्कर्षांशी जुळणारे आहे. थोडक्यात, ज्याला ‘चढत नाही’ त्याच्या रक्तात अल्कोहोल कमी नसते. थांबण्याचा इशारा देणारी यंत्रणाच त्या वयात अपुरी असते.

पव्व्याचा हिशेब

पव्वा म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्कीत साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे एका पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले. ‘बीअरच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांनी आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ग्रॅम अल्कोहोल असते, हे ध्यानात घ्यावे. पन्नास किलो वजनाच्या मुलाने पव्वा संपवला, तर त्याच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल होऊ शकते. वाहन चालवताना कायद्याने मान्य केलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. वरातीतल्या त्या अर्ध्या पव्व्यानेही ती तिपटीने ओलांडली जाते. मुलींच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने हा आकडा आणखी वर जातो.

यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीनेच कमी करते. लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची अंघोळ, कडक कॉफी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. पोलीस व सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यांवर धावणारी मुले जिल्ह्यात सर्वत्र दिसतात. त्यांतील एखाद्याने रात्री बाराला पव्वा संपवला असेल, तर पहाटे साडेपाचला धावताना त्याच्या रक्तात सुमारे १०० मिलिग्रॅम अल्कोहोल शिल्लक असते. शिवाय वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत स्रवते आणि मद्य नेमका त्या स्रावातच अडथळा आणते. व्यायामाने दारू ‘जिरते’ ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

मेंदूचे काय होते?

माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. परिणामांचा विचार करणारा, आवर घालणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. सुख आणि उत्तेजना शोधणारी केंद्रे मात्र त्याआधीच जोरात असतात. त्यात मद्य पडले की आवर घालणारा भाग आणखी मंदावतो. आठवणी साठवण्याच्या कामातील हिप्पोकॅम्पस या भागालाही फटका बसतो. ‘काल रात्री काय झाले ते आठवत नाही’ असे मुलगा म्हणतो, तेव्हा तो विसरलेला नसतो. त्या तासांची नोंदच मेंदूत झालेली नसते. मद्याच्या आहारी गेलेल्या किशोरांत हा भाग आकाराने लहान असल्याचे तपासण्यांत आढळले आहे.

वागण्यातील बदल यातूनच येतात. क्षुल्लक कारणावरून हाणामारी, भरधाव वाहन, विहिरीत किंवा धरणात उडी मारण्याची पैज, कधी आत्मघाताचा अविचार. मित्र पाहत असले की किशोर अधिक धोका पत्करतात, हे अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मद्यप्राशन करून पोर्शे मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोघांचा जीव घेतला. त्या प्रकरणाची चर्चा श्रीमंतीच्या अंगाने फार झाली. वयाच्या अंगाने फारशी झाली नाही.

सुरुवातीचे वयही महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणात १४ व्या वर्षी किंवा त्याआधी पिण्यास सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी व्यसनाधीन झाल्याचे आढळले. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. आपल्याकडे केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते १७ वयोगटातील १.३ टक्के मुले, म्हणजे अंदाजे ३० लाख, मद्य घेतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात, मोहाची दारू परंपरेने ओळखीची आहे. परंपरेचा मान राखूनही हे सांगावे लागते, की घरगुती दारूत अल्कोहोल किती, हे कोणालाच ठाऊक नसते. हातभट्टीत मेथिल अल्कोहोलची भेसळ झाली तर दृष्टी जाते, प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

‘झोपू द्या, सकाळी उतरेल’

सर्वांत घातक चूक येथे होते. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातील मद्य रक्तात उतरत राहते, त्यामुळे झोपलेल्या मुलाची अवस्था तासाभरात अधिक बिघडू शकते. मद्यामुळे यकृताचे साखर तयार करण्याचे काम थांबते. उपाशीपोटी प्यायलेल्या मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरून झटके येऊ शकतात. उताणे झोपलेल्याची उलटी श्वासनलिकेत गेली तर काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो.

हाक मारून, चिमटा काढूनही मूल जागे होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, अंग गार व ओठ निळसर पडले असतील, तर ‘१०८’ वर दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवावे आणि एकटे सोडू नये. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. बोलणी खाण्याच्या भीतीने मित्र गप्प राहतात. किती आणि काय प्यायले, हे त्यांनी डॉक्टरांना खरे सांगणे आवश्यक असते.

कायदा याबाबत पुरेसा कठोर आहे. महाराष्ट्रात बीअर व वाइनसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानातून पव्वा आणण्यासाठी घरातीलच पोराला पिटाळणारे वडील आणि त्याच्या हाती तो देणारा दुकानदार, दोघांनाही बहुधा हे माहीत नसते.

मूल नियमित पीत असल्याचा संशय आल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. व्यसनमुक्तीसाठी ‘१४४४६’ ही राष्ट्रीय, तर मानसिक आरोग्यासाठी ‘१४४१६’ ही टेलि-मानस सेवा निःशुल्क आहे. रोज पिणाऱ्या मुलाला खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी तोडण्याचा प्रयत्न काही घरांत होतो. हात थरथरणे, घाम, भास आणि झटके हे त्याचे परिणाम असू शकतात. त्यामुळे पहिले काही दिवस तरी हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.