वाचनालयातील खेळयंत्र

वाचनालयाने लोकांच्या पैशातून खेळाचे यंत्र घ्यावे काय, असे विचारताच पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. अमेरिकेत मात्र ही चाल जुनी आहे. अँड्र्यू कार्नेगीने १८८९ साली ब्रॅडॉक या पोलादाच्या गावी आपले त्या देशातील पहिले ग्रंथालय उघडले, तेव्हा तळघरात कामगारांसाठी न्हाणीघर होते आणि वर बिलियर्डची टेबले. अंगाची काजळी धुवावी, दोन डाव खेळावेत, मग वाटल्यास पुस्तक उघडावे!

२००४ साली मिशिगनमधील ॲन आर्बरच्या ग्रंथालयाने व्हिडिओ गेमच्या स्पर्धा सुरू केल्या, त्या निन्टेंडोच्या 'गेमक्यूब'वर. चौघांनी एकदम खेळण्याची सोय त्यात मुळातच होती, आणि मोटारींची शर्यत नुसत्या बघ्यालाही कळे.

२००६ च्या नोव्हेंबरात निवड अवघड झाली. सोनीचे 'प्लेस्टेशन ३' शक्तीने थोर, पण किंमत ४९९ डॉलरांपासून पुढे. निन्टेंडोचे 'वी' चित्राच्या सफाईत मागे. किंमत २५० डॉलर, सोबत खेळांची तबकडी. दांडा मात्र एकच. उरलेल्या तिघांसाठी निराळा खर्च. तरी तो दांडा नुसता हलवला की पडद्यावरचा चेंडू उडे, त्यामुळे बटणांना बिचकणारे आजोबाही नातवाशेजारी उभे राहू शकत. घरी एकटा खेळणारा शौकीन चित्र पाहील. ग्रंथपालाने खोलीतली माणसे मोजावीत, आणि अनेकांनी 'वी' घेतले ते योग्यच केले.

२००८ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने खेळांचा राष्ट्रीय दिवस सुरू केला. त्या दिवशी यंत्रांच्या जोडीला पटावरचे खेळही मांडले होते.