'समांतर' : हातावरच्या रेषा आणि माणसाचा यत्न

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म येथे १६०८ मध्ये झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभ्या असलेल्या नारायण ठोसर या मुलाने मंगलाष्टकांतील 'सावधान' हा शब्द ऐकला आणि तो मंडपातून निघून गेला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. वधू ठरलेली, मुहूर्त काढलेला, अंतरपाट धरलेला; पुढचे सारे जणू लिहूनच ठेवलेले होते. त्या मुलाने ते विधिलिखित मोडले, की पळून जाणे हेच त्याचे विधिलिखित होते? कथा यावर काही बोलत नाही. समर्थांचा स्वतःचा कल मात्र स्पष्ट आहे. दासबोधाच्या बाराव्या दशकातील एक संपूर्ण समास त्यांनी 'यत्नशिकवण' या विषयाला दिला आहे.

हाच प्रश्न आजच्या काळात रहस्यकथेच्या रूपाने मांडला तो 'समांतर' या मराठी वेबमालिकेने. 'दुनियादारी'मुळे तरुण वाचकांच्या घरचे झालेले कादंबरीकार सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांच्या याच नावाच्या कादंबरीवर ती आधारलेली आहे. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेले नऊ भागांचे पहिले पर्व मार्च २०२० मध्ये 'एमएक्स प्लेअर'वर आले. दहा भागांचे दुसरे पर्व जुलै २०२१ मध्ये आले. त्याचे दिग्दर्शन समीर विद्वांस यांचे आहे.

कथेचा नायक कुमार महाजन (स्वप्नील जोशी) नोकरीच्या आणि पैशाच्या विवंचनेने गांजलेला आहे. नशिबावर त्याचा विश्वास नाही. मित्राच्या आग्रहाखातर तो एका स्वामींना हात दाखवतो, तेव्हा स्वामी भविष्य सांगण्यासच नकार देतात. हुबेहूब याच रेषांचा हात त्यांनी अनेक वर्षांपूर्वी पाहिलेला असतो. तो हात सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाचा. चक्रपाणी जे जगून गेला, तेच कुमार जगणार! म्हणजे भविष्य जाणायचे, तर ज्योतिषाकडे नव्हे, त्या माणसाकडे जायला हवे. पहिले पर्व या शोधाचे आहे आणि त्यातला ताण अस्सल आहे.

चक्रपाणी भेटतो, तेव्हा खरी अडचण सुरू होते. त्याने आपल्या आयुष्याच्या रोजनिशा लिहून ठेवलेल्या आहेत. त्या कुमारच्या हाती येतात आणि रोज एकच पान वाचायचे, असे बंधन पडते. येथे मालिकेने साध्या चमत्कृतीच्या पलीकडे पाऊल टाकले आहे. उद्या काय घडणार हे कळलेला माणूस ते टाळण्यासाठी धडपडतो, आणि कित्येकदा ती धडपडच त्याला त्या प्रसंगापाशी नेऊन सोडते. सॉफोक्लिसच्या ईडिपसचे दुःख नेमके हेच होते. पान वाचलेच नसते, तर कुमार तसा वागला असता का, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात रेंगाळत राहतो.

भूमिकावाटपातही एक गंमत आहे. चक्रपाणी झालेले नितीश भारद्वाज हे बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत'मधील श्रीकृष्ण. स्वप्नील जोशी यांनी रामानंद सागर यांच्या 'श्रीकृष्ण'मध्ये तरुण कृष्ण साकारला होता. एकाच वाटेने पुढे-मागे गेलेले दोन कृष्ण, आणि त्यातील थोरल्याचे नाव सुदर्शन चक्रपाणी.

जागतिक चित्रपटांत या विषयाचे दोन धागे दिसतात. क्षिश्तोफ किश्लोव्स्की यांच्या 'ब्लाइंड चान्स'मध्ये आणि टॉम टिक्वर यांच्या 'रन लोला रन'मध्ये (१९९८) क्षणाच्या फरकाने आयुष्य वेगळे वळण घेते; तिथे योगायोग बलवत्तर. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) मात्र आधीच कळलेल्या भविष्याशी झुंजतो. 'समांतर'चे नाते या दुसऱ्या धाग्याशी जुळते, पण यंत्रांऐवजी तिच्या हाती आहेत हस्तरेषा आणि रोजनिशी. मराठी घराला त्यांची ओळख सांगावी लागत नाही.

दुसरे पर्व पहिल्याइतके घट्ट नाही. आयुष्यात एक स्त्री येणार, हे रोजनिशीतून कळल्यावर कुमार सावध होतो. पुढे सई ताम्हणकर यांची व्यक्तिरेखा, पत्नी निमाची (तेजस्विनी पंडित) होरपळ आणि चक्रपाणीचा भूतकाळ यांत कथानक बरेच रेंगाळते. निमाची बाजू मात्र महत्त्वाची आहे. तिच्या नवऱ्याचे भविष्य लिहिलेले आहे, पण ते वाचण्याचा अधिकार तिला नाही. त्याचे परिणाम तेवढे तिच्या वाट्याला येतात.