दोष माझ्या माथी

तारीख 14 जानेवारी 1697, गुरुवार. तुम्ही बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये लाकडी बाकावर अंग आखडून बसला आहात. प्रार्थनामंदिरात शेगडीची सोय नाही. पायांची बोटं बधिर झाली आहेत. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, कारण सरकारी हुकमानं आज साऱ्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत उपास-प्रार्थनेचा दिवस आहे. समोर क्रूस नाही, मेणबत्त्या नाहीत. आहे ते फक्त पुलपिट.

दुपारची उपासना. पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असताना एक माणूस त्यांच्या हातात कागद ठेवतो. तुम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. घरात आजारपण असलं, कोणी समुद्रावर गेलं असलं, की लोक अशी चिठ्ठी देतात. पाळक ती वाचतात, मंडळी प्रार्थना करते.

पण ही चिठ्ठी वाचायला घेताच तो माणूस सगळ्यांसमोर उभा राहतो. सॅम्युएल सिवॉल. वय 44, बडा व्यापारी आणि न्यायाधीश. 1692 साली सेलममध्ये चेटकाचे खटले चालवणाऱ्या खास न्यायालयावर तो होता. आरोपीची छाया येऊन आमचा छळ करते, असं पोरींनी सांगायचं आणि कोर्टानं तो पुरावा धरायचा. 19 जण फासावर गेले. म्हाताऱ्या गाइल्स कोरीचा अंगावर दगड रचून जीव घेतला. रिबेका नर्सला ज्युरीनं आधी निर्दोष ठरवलं होतं. पुन्हा विचार करायला लावून तिलाही फाशी दिली. पाळक जॉर्ज बरोज हार्वर्डमध्ये सिवॉलच्या एकच वर्ष पुढे होता. फासाखाली त्यानं प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हटली. तरी तो सुटला नाही.

विलर्ड वाचू लागतात. छायांच्या पुराव्याला त्यांनी तेव्हाच विरोध केला होता. सिवॉलच्या वतीनं ते सांगतात : माझ्यावर, माझ्या घरादारावर देवाचे आघात होत आहेत. सेलममधल्या दोषाला, माझ्या माहितीत, माझ्याइतकं जबाबदार दुसरं कोणी नाही. तो दोष आणि त्याची लाज मी पत्करतो. माणसांनो, मला क्षमा करा. आणि देवानंही करावी म्हणून प्रार्थना करा.

आता चिठ्ठीत काय नाही, तेही ऐका. न्यायाधीश मी एकटाच नव्हतो, हे नाही. मुख्य न्यायाधीश स्टॉटन होता, हे नाही. चेटूक हा कायद्यानंच गुन्हा होता, हेही नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. सिवॉलनं त्यातल्या एकाचाही आडोसा घेतला नाही.

तुम्ही म्हणाल, हा तर भ्यायलेला बाप. खरंच आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याची दोन वर्षांची सारा गेली. दुसऱ्या दिवशी मुलानं मत्तयाच्या बाराव्या अध्यायातली काही वचनं लॅटिनमध्ये म्हणून दाखवली. देवाला यज्ञापेक्षा दया हवी, हे कळलं असतं तर निर्दोषांना दोषी ठरवलं नसतं, अशा अर्थाचं वचन आलं आणि बापाला सेलम आठवलं. पण नुसतं भय असतं तर दार लावून गुडघे टेकता आले असते. तो मंडळीत आला.

वाचन संपतं. सिवॉल मान लववतो आणि तुमच्या शेजारी कोणी काही बोलत नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. स्टॉटन कधीच माफी मागणार नाही. सिवॉल 1700 साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापेल. मृतांच्या कुटुंबांना सरकारी भरपाई मिळायला 1711 उजाडेल. आजच्या चिठ्ठीत मेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही, ही तिची उणीव आहे. ती झाकायचं कारण नाही.

तरीही या चिठ्ठीची मला आज फार गरज वाटते. 'प्रभू, आम्ही पापी आहोत' हे आपण दर रविवारी एका सुरात म्हणतो, आणि त्या 'आम्ही'त ज्याचा त्याचा 'मी' सुखेनैव लपतो. एकानं उभं राहून आपला वाटा आपल्या नावावर घेतला, की शेजाऱ्यालाही स्वतःचा हिशेब टाळणं जड जातं. आणि चिठ्ठीतला क्रम विसरू नका : आधी माणसांची क्षमा, मग देवाची. ज्याचं नुकसान केलं त्याला वळसा घालून देवाच्या पायांशी पोचता येत नाही.